ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घरची कामं: किती मोकळीक, कुठे आडकाठी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कंपनीचं संगणक-धोरण लिहायची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे आणि ज्यांना ते धोरण पाळायचं आहे, अशा दोघांसाठी हे पान आहे. दोघांचे प्रश्न वेगळे वाटतात, पण उत्तरं बहुतेक एकाच जागी सापडतात. इथली मतं माझी आहेत. आयटी विभागात बसून ही भांडणं दोन्ही बाजूंनी ऐकल्यावर ती बनली आहेत.

मोकळं ठेवायचं की कडक? एका दमात सांगा.

वेळेच्या बाबतीत मोकळं. खाती, सॉफ्टवेअर आणि कंपनीचा डेटा यांच्या बाबतीत कडक. जेवणाच्या सुट्टीत कुणी बातम्या वाचल्या किंवा विम्याचा हप्ता भरला म्हणून कंपनी बुडत नाही. पण त्याच माणसाने स्वतःचं गूगल अकाउंट ऑफिसच्या ब्राउझरला जोडलं आणि सर्व्हरचा पासवर्ड तिथे साठवला, तर मात्र बुडू शकते. बहुतेक धोरणं नेमकी उलटी लिहिलेली असतात. पहिल्या गोष्टीवर दोन पानं, दुसरीबद्दल अवाक्षर नाही.

मशीन कंपनीचं, इंटरनेट कंपनीचं, वेळही कंपनीचा. मग घरगुती वापर मुळात चालूच का द्यायचा?

कारण बँका, शाळा, दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या ऑफिसच्या वेळेतच उघड्या असतात. त्यांची कामं ऑफिस सुटल्यावर करा म्हणणं म्हणजे करूच नका म्हणणं. शिवाय उलट दिशेची वाहतूक तर राजरोस चालू आहे. रात्री दहाला येणाऱ्या मेलला उत्तराची अपेक्षा असतेच. फ्रान्सला १ जानेवारी २०१७ पासून त्यासाठी कायदा करावा लागला: कामाच्या वेळेनंतर मेल-फोनपासून दूर राहण्याच्या हक्कावर पन्नास किंवा अधिक माणसांच्या कंपन्यांनी कर्मचारी-प्रतिनिधींशी वाटाघाट केली पाहिजे. काम घरात शिरलेलं चालतं, पण घर कामात शिरलेलं चालत नाही, हा हिशेब कर्मचाऱ्यांना पटत नाही आणि पटायचं कारणही नाही.

दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. सरसकट बंदी कुणीच पाळत नाही. जो ती घालतो तोसुद्धा नाही. मग सगळेच नियम मोडणारे ठरतात, आणि कारवाई कुणावर करायची हे फक्त वरच्याच्या मर्जीवर उरतं. ज्याला काढायचंच आहे त्याची ब्राउझर-हिस्टरी बाहेर निघते, बाकीच्यांची निघत नाही. असा नियम कंपनीचं रक्षण करत नाही, नुसता धाक म्हणून पडून राहतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर जून २०२१ मध्ये हा प्रश्न जरा वेगळ्या वाटेने आला. एका पोलिस अधिकाऱ्याने खात्याचा डेटाबेस पैशाच्या लोभाने वापरला होता. डेटाबेस पाहण्याचा अधिकार त्याला होता, हेतू मात्र गैर होता. अशा गैरवापराला संगणक-घुसखोरीचा कायदा लागू होतो का, असा मुद्दा होता. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नकार दिला. सरकारचा अर्थ मानला, तर ऑफिसच्या मशीनवरून खासगी मेल पाठवणारा किंवा बातमी वाचणारा कर्मचारीही गुन्हेगार ठरेल, असं कारण निकालात आहे. त्या अधिकाऱ्याची कृती वाईट होती, यावर कुणाचा वाद नव्हता. सगळ्यांना गुन्हेगार करणारा नियम मात्र न्यायालयाला नको होता.

'वैयक्तिक वापर' म्हणजे नेमकं काय काय?

इथेच धोरणं घसरतात. 'मर्यादित वैयक्तिक वापरास परवानगी आहे' एवढंच लिहून मोकळी होतात आणि मर्यादा कसली ते सांगत नाहीत. मी वाटणी नुकसानीच्या अंगाने करतो. पान उघडून वाचणं आणि बंद करणं, यात धोका नगण्य. स्वतःच्या खात्यात लॉगिन करणं, यात थोडा. फाइल डाउनलोड करणं किंवा एखादं ॲप टाकणं, यात बराच. कंपनीचा डेटा स्वतःच्या खात्यात नेणं म्हणजे थेट गळती, मग हेतू कितीही सरळ असो. आणि कंपनीच्या मशीनवर स्वतःचा जोडधंदा चालवणं हा सुरक्षेपेक्षा नोकरीच्या कराराचा विषय आहे, तो करारातच सोडवावा.

पण वेळ वाया जातो त्याचं काय?

जातो. मग? खिशातला फोन त्याहून जास्त वेळ खातो आणि तो ऑफिसच्या इंटरनेटवर पहारा ठेवणाऱ्या फायरवॉलच्या टप्प्यात येत नाही. ऑफिसच्या मशीनवर व्हिडिओ बंद केले की माणूस कामाला लागतो, ही समजूत ज्यांनी कधी टीम सांभाळली नाही त्यांचीच असते.

एखादा माणूस काम करत नसेल, तर ते त्याच्या कामावरून कळायला हवं, आणि ते कळणं हे त्याच्या मॅनेजरचं काम. मॅनेजरला ते कळत नाही म्हणून आयटीला पहारा द्यायला लावायचं, की मग आयटी 'हालचाल' मोजतं, कारण त्याला तेवढंच मोजता येतं. आणि जे मोजलं जातं ते लोक बरोबर पुरवतात. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनभराहून जास्त लोकांना कामावरून काढल्याची बातमी आली. माउस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात उघड मिळतात. ती विकली जातात याचा अर्थ कुठेतरी माउस हलण्यालाच काम समजलं जातंय.

साइट ब्लॉक कराव्यात की नाही?

काही नक्की कराव्यात. मालवेअर (मशीनला इजा करणारे किंवा हेरगिरी करणारे प्रोग्राम) पसरवणाऱ्या आणि पासवर्ड चोरणाऱ्या साइट, पायरेटेड सॉफ्टवेअर, जुगार, अश्लील मजकूर. यातला शेवटचा मुद्दा नैतिकतेचा आहे असं समजू नका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातलं एक प्रकरण तपासणी अहवालातून बाहेर आलं. एका कर्मचाऱ्याने सरकारी मशीनवरून नऊ हजारांहून जास्त अश्लील पानं पाहिली होती, त्यांतल्या अनेकांत मालवेअर होतं, आणि ते त्याच्या मशीनमधून खात्याच्या नेटवर्कमध्ये शिरलं. त्याने चित्रं परवानगी नसलेल्या यूएसबी साधनावर आणि स्वतःच्या फोनवरही साठवली होती. साइट ब्लॉक करा आणि यूएसबी पोर्टवर लगाम घाला, अशा दोन शिफारशी त्या अहवालात होत्या. दोन्ही साध्या, आणि दोन्ही आधीच करता आल्या असत्या.

बातम्या, सोशल मीडिया, खरेदी, व्हिडिओ हे ब्लॉक करू नयेत असं माझं मत. जाहिरात विभागाला सोशल मीडिया लागतो, प्रोग्रामरला व्हिडिओ लागतात, खरेदी विभागाला खरेदीच्या साइट लागतात. अपवादांची यादी वाढत जाते आणि शेवटी ती सांभाळणारा माणूसच वैतागून सगळं उघडतो. शिवाय फिल्टर आंधळे असतात. स्तनाच्या कर्करोगाची माहिती शोधणारी बाई आणि अश्लील साइट शोधणारा माणूस यांच्यात गल्लत करण्याची त्यांची ख्याती जुनी आहे. त्या बाईने हेल्पडेस्कला फोन करून कारण सांगायचं का?

इंटरनेटचा वेग कमी पडत असेल तर व्हिडिओंना कमी प्राधान्य देणारी सेटिंग राउटरमध्ये असते. ती वापरावी.

स्वतःचं जीमेल ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलं तर एवढं काय बिघडतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि विचारणारे सगळ्यात कमी. म्हणून जरा सविस्तर.

नुसतं मेल वाचण्याने फारसं बिघडत नाही, अनोळखी अटॅचमेंट उघडली नाही तर. बिघडतं ते ब्राउझरमध्येच स्वतःच्या खात्याने साइन-इन केल्यावर. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यात तुमचं चित्र येतं आणि ब्राउझर विचारतो, सिंक चालू करू का? तुम्ही हो म्हणता. तिथून पुढे या ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड तुमच्या खासगी खात्यात जातो आणि ते खातं जिथे जिथे उघडं आहे तिथे पोचतो: घरचा जुना लॅपटॉप, फोन, मुलांच्या हातातला टॅब. कंपनीने आपल्या दाराला कितीही कुलपं लावली, तरी किल्लीची एक नक्कल आता त्या टॅबमध्ये आहे.

ही कल्पनेतली भीती नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या कंपनीच्या ग्राहक-मदत यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं उघड झालं. ओक्टाचा धंदाच मुळी इतर कंपन्यांना लॉगिनची सोय पुरवण्याचा. कंपनीच्या तपासात निघालं ते असं: एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये स्वतःच्या गूगल खात्याने साइन-इन केलं होतं आणि एका सर्व्हिस अकाउंटचं (माणसाऐवजी यंत्रणेसाठी असलेल्या खात्याचं) यूजरनेम-पासवर्ड त्या खासगी खात्यात साठवलं गेलं होतं. ते खासगी खातं किंवा त्याचं एखादं साधन फुटलं असावं, असा कंपनीचा अंदाज. १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत चोर पोचले. नंतर ओक्टाने जे बदल जाहीर केले, त्यांत कंपनीच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये खासगी गूगल खात्याने साइन-इन बंद करणं हा एक होता. त्यासाठी तयार सेटिंग आहे, नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

सिस्कोची २०२२ ची घटना याच जातीची. कर्मचाऱ्याचं खासगी गूगल खातं चोरांच्या हाती लागलं, त्यात सिंक झालेला ऑफिसचा पासवर्ड मिळाला. दुसरा अडथळा होता फोनवर येणाऱ्या मंजुरीचा. चोरांनी वेगवेगळ्या संस्थांची नावं सांगत फोन केले आणि मंजुरीच्या विनंत्यांचा मारा चालू ठेवला. शेवटी एकदा त्याने होकार दाबला.

दोन्ही ठिकाणी कुणी कामचुकारपणा केला नव्हता. कुणी वेळ वाया घालवत नव्हतं. 'ऑफिसच्या वेळेत वैयक्तिक ब्राउझिंग करू नये' हे वाक्य दोन्हीकडच्या भिंतींवर टांगलं असतं, तरी काही फरक पडला नसता.

मग सोय काय? जीमेल अजिबात उघडायचं नाही?

उघडा, पण टॅबमध्ये. ब्राउझरला खातं जोडू नका, 'पासवर्ड साठवू का' याला नकार द्या. कंपनीला थोडा त्रास घ्यायचा असेल तर खासगी वापरासाठी वेगळा ब्राउझर किंवा सिंक बंद असलेलं वेगळं प्रोफाइल द्यावं, आणि ऑफिसच्या पासवर्डसाठी कंपनीने स्वतः पासवर्ड मॅनेजर द्यावा. तो दिला नाही तर लोक पासवर्ड ब्राउझरमध्ये, वहीत किंवा स्वतःला पाठवलेल्या मेलमध्ये ठेवणारच. सोय न देता मनाई करणाऱ्या धोरणाला माझ्या लेखी फार किंमत नाही.

स्वतः सॉफ्टवेअर टाकायची मुभा असावी का?

सर्वसाधारण उत्तर: नाही. रोजच्या वापराच्या खात्याला ॲडमिन राइट्स, म्हणजे मशीनमध्ये हवे ते बदल करण्याचे अधिकार, नसावेत. एका चुकीच्या क्लिकने मशीनच्या मुळाशी काहीतरी बसणं आणि फक्त त्या माणसाच्या फोल्डरपुरतं राहणं, यातला फरक तिथे ठरतो. फुकट मिळणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरच्या आणि गेमच्या 'क्रॅक' आवृत्त्यांतून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सर्रास पसरतात. घरी असताना जे कुतूहल असतं, ते ऑफिसच्या मशीनवर सगळ्या कंपनीच्या जिवावरचा जुगार होतं.

पण याला जोडून एक जबाबदारी येते, आणि आयटीवाले ती सोयीस्कर विसरतात. मागणी आली तर उत्तर लवकर मिळालं पाहिजे. पीडीएफ जोडायचं साधं साधन मिळायला दोन आठवडे लागत असतील, तर माणूस कुठल्यातरी अनोळखी साइटवर कंपनीचा करार अपलोड करून काम उरकणार. मग दोष कुणाचा? ॲन्जेला सॅसी ही सुरक्षा-संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'पालनाचं बजेट' अशी कल्पना मांडली. सुरक्षेचे नियम पाळायला माणसाकडे ठराविक सहनशीलता असते, प्रत्येक कटकट त्यातून काहीतरी खर्च करते, आणि बजेट संपलं की माणूस पळवाट शोधतो. धोरण लिहिताना प्रत्येक ओळीला मी हेच विचारतो: हा खर्च नेमका कशावर? सहनशीलता वॉलपेपर बदलायच्या बंदीवर संपवली, तर पेनड्राइव्हच्या वेळी हाती काय उरणार?

प्रोग्रामर, डिझायनर अशांना जास्त मोकळीक लागते. त्यांना ती द्यावी, वेगळ्या ॲडमिन खात्याने किंवा वेगळ्या चाचणी-मशीनवर.

आणि हो, कंपनीच्या मशीनवर क्रिप्टो मायनिंग (संगणक राबवून आभासी चलन कमावणं) नाही. हे लिहावं लागतं का? लागतं. २०१८ मध्ये रशियातल्या सारोव्हच्या अणुसंशोधन केंद्रातल्या काही जणांना तिथल्या महासंगणकावर मायनिंग करण्याच्या प्रयत्नाबद्दल अटक झाली होती.

ब्राउझर एक्स्टेंशन्स?

म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम. त्यांच्याबाबतही सॉफ्टवेअरइतकंच कडक. व्याकरण तपासणारं, कुपन शोधणारं, पानाचा रंग बदलणारं निरुपद्रवी दिसणारं एक्स्टेंशनही अनेकदा 'सर्व साइटवरील सर्व डेटा वाचा व बदला' एवढी परवानगी मागतं. त्यात ऑफिसचं मेलही आलं. मंजूर एक्स्टेंशन्सची यादी ठेवावी, बाकीची बंद.

एआय चॅटबॉट वापरला तर?

स्वतःच्या सहलीचा आराखडा विचारा, काही हरकत नसावी. ग्राहकांची यादी, कराराचा मसुदा, सोर्स कोड असलं काही खासगी खात्यातल्या चॅटबॉटला देऊ नये. सॅमसंगमध्ये कर्मचाऱ्यांनी संवेदनशील कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं लक्षात आल्यावर मे २०२३ मध्ये कंपनीने आपल्या साधनांवर अशा सेवांना मनाई केली. तो पहिला झटका होता, समजण्यासारखा. पण कायमची बंदी टिकत नाही, लोक फोनवरून वापरतात. कंपनीने करार करून एक साधन अधिकृतपणे द्यावं आणि त्यात काय टाकायचं नाही ते चार ओळींत सांगावं.

पेनड्राइव्ह?

कंपनीने दिलेला, एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा. घरचा नाही. फोन चार्ज करायचा तर भिंतीतल्या सॉकेटला लावा.

कंपनी माझं नेमकं काय काय पाहू शकते?

तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. ऑफिसच्या नेटवर्कवरून तुम्ही कोणत्या साइटला कधी गेलात याची नोंद फायरवॉलमध्ये असते. इन्कॉग्निटो खिडकीने फक्त तुमच्या मशीनवरची हिस्टरी राहत नाही, नेटवर्कवरची नोंद राहतेच. अँटीव्हायरसची जागा आता ज्या एजंट-सॉफ्टवेअरनी घेतली आहे, ती कोणता प्रोग्राम कधी चालला, कोणती फाइल कुठे गेली, हे पाहतात, लॅपटॉप घरच्या वायफायवर असला तरी. ऑफिसचं मेल आणि चॅट तर कंपनीच्या सर्व्हरवरच असतं. तुम्ही पुसलेला संदेश तिथे पुसला गेला असेलच असं नाही.

ॲड्रेसबारमधलं कुलूप दिसलं म्हणजे मधलं कुणी वाचत नाही, हाही भरवसा ऑफिसच्या मशीनवर धरू नये. कंपनीने स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणत्या साइटवर भरवसा ठेवायचा हे मशीनला सांगणारा दाखला) मशीनमध्ये घातलं असेल, तर प्रॉक्सी, म्हणजे तुम्ही आणि साइट यांच्या मधे बसलेला कंपनीचा सर्व्हर, ते एन्क्रिप्शन उघडून, तपासून पुन्हा बंद करू शकतो. मालवेअर शोधायला हे उपयोगी आहे. पण त्याच वाटेने तुमचा बँकेचा व्यवहार आणि डॉक्टरशी झालेला पत्रव्यवहारही उघडा होतो. म्हणून अशी तपासणी करणाऱ्या कंपनीने बँक आणि आरोग्याच्या साइट त्यातून वगळाव्यात, आणि वगळल्या आहेत हे लेखी सांगावं. वैयक्तिक वापराला परवानगी द्यायची आणि त्याच वेळी त्यातलं सगळं वाचायचं, याला परवानगी म्हणत नाहीत.

पाहू शकते म्हणून पाहावं का? मशीन तर त्यांचंच आहे.

मशीनच्या मालकीने माणसाच्या खासगीपणाची मालकी मिळत नाही, असं वेगवेगळ्या देशांच्या न्यायालयांनी म्हटलं आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय यावर विसंबू नका. पण दिशा कळते.

फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००१ मध्ये निकॉन कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की कामाच्या ठिकाणी आणि कामाच्या वेळेतही कर्मचाऱ्याला खासगीपणाचा हक्क आहे. संगणकाच्या खासगी वापराला मनाई केलेली असली, तरी मालकाने त्याचे खासगी संदेश वाचू नयेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका शिक्षकाच्या, शाळेच्या मालकीच्या लॅपटॉपबद्दल म्हटलं की धोरण आणि मालकी यांमुळे खासगीपणाची अपेक्षा कमी होते, पण नाहीशी होत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ऑफिसच्या लॅपटॉपवरून, पण खासगी मेल-खात्यातून वकिलाला लिहिलेली पत्रं कंपनीने वाचायला नको होती असा निर्णय दिला.

सगळ्यात बोलकं प्रकरण रोमानियातलं. एका अभियंत्याला ग्राहकांशी बोलण्यासाठी याहू मेसेंजरचं खातं उघडायला सांगितलं होतं. त्यावरून तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशीही बोलला. कंपनीने ते संभाषण टिपलं, ४५ पानांची प्रत काढली आणि २००७ मध्ये त्याला काढून टाकलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयात तो २०१६ मध्ये हरला आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे अकरा विरुद्ध सहा मतांनी जिंकला. खासगी वापरावर बंदी आहे हे त्याला माहीत होतं. पण संदेशांचा मजकूरसुद्धा वाचला जाईल हे आधी सांगितलं होतं का, त्यासाठी सबळ कारण होतं का, कमी त्रासाचा मार्ग होता का, हे खालच्या न्यायालयांनी नीट तपासलंच नाही, असं मोठ्या पीठाने म्हटलं. कामाच्या ठिकाणचं माणसाचं खासगी सामाजिक आयुष्य मालकाच्या सूचनांनी शून्यावर आणता येत नाही, हे त्या निकालातलं वाक्य धोरण लिहिणाऱ्याने जवळ ठेवावं.

दर काही मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर बसवावं का?

नको. त्यात ग्राहकांचे तपशील आणि उघडे राहिलेले पासवर्ड टिपले जातात, म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली चोरासाठी एक आयती तिजोरी तयार होते. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये असे स्क्रीनशॉट घेणाऱ्या आणि 'निष्क्रिय' मिनिटं मोजणाऱ्या एका कंपनीला ४० हजार युरोंचा दंड केला.

लॅपटॉप घरी नेला, तर मुलांना अभ्यासाला दिला तर चालेल?

नाही. इथे मी मवाळ होणार नाही. मूल हुशार असतं, पण त्याने कशावर क्लिक केलं हे तुम्हाला सांगता येत नाही, आणि मशीनवरचं खातं तुमच्या नावाचं आहे.

उलट प्रश्न: माझ्या फोनवर ऑफिसचं मेल टाका म्हणतात. टाकावं का?

टाकायचं तर वेगळ्या कप्प्यात. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असतं, आयफोनलाही खासगी साधनांसाठी वेगळी नोंदणी आहे. अशा रचनेत कंपनी फक्त ऑफिसचा भाग पुसू शकते, तुमचे फोटो नाही. सही करण्याआधी नेमका हाच प्रश्न लेखी विचारा: 'रिमोट वाइप केलं, म्हणजे दुरून फोन पुसला, तर काय काय पुसलं जाईल?' उत्तर गुळमुळीत आलं, तर कंपनीकडे फोन मागा.

घरच्या कॉम्प्युटरवरून ऑफिसचं नाजूक काम मात्र करू नये. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीच्या २०२२ च्या प्रकरणात चोर एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरले, तेही तिथल्या मीडिया सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून. त्यांनी कीलॉगर (कीबोर्डवर टाइप केलेलं टिपणारा प्रोग्राम) बसवला आणि मास्टर पासवर्ड टिपला. ज्या चौघांकडे कंपनीच्या साठवलेल्या माहितीच्या डिजिटल किल्ल्या होत्या त्यांतला तो एक. ज्यांच्या हाती अशा किल्ल्या असतात, त्यांना कंपनीने वेगळं मशीन द्यावं.

नोकरी सोडताना माझ्या खासगी फाइलींचं काय?

शेवटच्या दिवशी बहुतेकदा लॉगिन सकाळीच बंद होतं. म्हणून तिथे काही साठवूच नका. कंपनीच्या बाजूने, 'खासगी' नावाचा फोल्डर असेल तर तो घेऊन जायला माणसाला वेळ द्यावा, कुणाच्या तरी देखरेखीखाली का होईना.

साहेबांना वेगळे नियम?

वेगळे असतील तर जास्त कडक. चोर त्यांनाच आधी गाठतात. प्रत्यक्षात अपवाद मात्र तेच मागतात.

कुणी नियम मोडला तर?

चूक आणि लपवाछपवी यांत फरक करा. फसव्या लिंकवर क्लिक केलेल्या माणसाने पाच मिनिटांत फोन केला, तर मशीन नेटवर्कवरून तोडता येतं, पासवर्ड बदलता येतात. त्याला मेमो मिळाला, तर पुढचा माणूस फोनच करणार नाही आणि तुम्हाला ते दोन महिन्यांनी बाहेरून कळेल. 'स्वतःहून कळवल्यास शिक्षा नाही' हे धोरणात स्पष्ट लिहा. जाणूनबुजून डेटा बाहेर नेणं, दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं, सुरक्षा सॉफ्टवेअर बंद पाडणं, यांवर कारवाई हवीच.

आमचं जुनं धोरण आहे: 'संगणकाचा वापर केवळ कार्यालयीन कामासाठीच करावा.' बदलायचं तर सुरुवात कुठून?

त्या ओळीच्या जागी असं काहीतरी लिहा: 'कामात अडथळा येत नसेल तर थोडाफार वैयक्तिक वापर चालेल. ब्राउझरला खासगी खातं जोडू नये. परवानगीशिवाय सॉफ्टवेअर टाकू नये. कंपनीची माहिती खासगी खात्यात किंवा साधनात नेऊ नये. सुरक्षेसाठी आम्ही या नोंदी ठेवतो, त्या इतके दिवस राहतात, आणि मजकूर पाहायची वेळ आलीच तर या दोन पदांवरच्या व्यक्तींच्या लेखी मंजुरीनेच पाहू.' त्यातली पदं आणि दिवस तुमचे तुम्ही भरा, पण रिकामे ठेवू नका. सगळं मिळून दोन पानांच्या आत बसवा, वकिली भाषा परिशिष्टात ढकला. सिंक, एक्स्टेंशन्स आणि ॲडमिन राइट्स या तीन गोष्टी सेटिंगनेच बंद करा, म्हणजे त्या कुणाच्या आठवणीवर राहणार नाहीत. मग तीन महिन्यांनी हेल्पडेस्ककडे आलेल्या परवानग्यांच्या मागण्या काढून वाचा. ज्या मागणीला दर वेळी होकारच दिला गेला, तिच्यासाठी परवानगी मागायला लावणं बंद करा.